मोड आला म्हणजे उगवलं नाही

मे महिना सरत आला की वर्धा-यवतमाळकडच्या गावांत घरोघरी एक काम चालतं. राखून ठेवलेल्या सोयाबीनच्या पोत्यात वरून, मधून आणि बुडातून मूठमूठ दाणे काढायचे. त्यातले न निवडता १०० मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उघडायची. ७० किंवा जास्त रोपं धडधाकट निघाली तर एकरी ३० किलोच्या हिशेबानं पेरणी. त्याहून थोडी कमी निघाली तर बियाणं वाढवायचं. फारच कमी असली तर ते पोतं पेरणीचं नाही.

गुंडाळी उघडल्यावर नवखा माणूस मोड आलेला प्रत्येक दाणा मोजतो. जुना कास्तकार तसं करत नाही. मुळी निघाली पण कोंब नाही, कोंब आहे पण पिळलेला, डाळी तडकून अर्ध्या गळालेल्या, असे दाणे तो बाजूला सारतो. हे दाणे मेलेले नाहीत. ते पाणी प्यायले, फुगले, त्यांना मोडही आला. पण त्यांचं झाड होणार नाही, आणि ज्याचं झाड होणार नाही तो दाणा मोजणीत धरायचा नाही.

माणसाच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी किरणांपुढे किती टिकतात, हे पाहण्याची प्रयोगशाळेतली सगळ्यांत भरवशाची चाचणी हुबेहूब अशीच आहे. तिला क्लोनोजेनिक चाचणी म्हणतात. चपट्या पारदर्शक प्लेटीत मोजून पेशी पेरायच्या, किरण द्यायचे, दोन आठवडे थांबायचं आणि किती पेशींनी आपलं कुटुंब उभं केलं ते मोजायचं. प्लेटच्या तळाला चिकटलेल्या अशा प्रत्येक कुटुंबाला कॉलनी म्हणतात. नवनव्या झटपट चाचण्या आल्या, तरी त्या खऱ्या की खोट्या हे आजही याच चाचणीशी ताडून ठरवतात.

आपल्या भागात या विषयाचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पानठेल्यावर प्लास्टिकच्या तुकड्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा बनतो. तो गालात धरून माणूस दिवसभर राबतो, आणि मग एखाद्या दिवशी तोंड उघडेनासं होतं. गालाच्या, जिभेच्या, हिरड्यांच्या गाठी घेऊन माणसं नागपूरला, सेवाग्रामला जातात. आधी ऑपरेशन, नंतर ‘शेक’, म्हणजे किरणोपचार. दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, “त्याले शेक लागू पडला, मंग याले काऊन नाही?” गाठ सारखी, डोस सारखा, मशीन तेच. प्रश्न साधा आहे आणि अगदी नेमका आहे. उत्तराचा एक मोठा भाग गाठीतल्या पेशींच्या स्वभावात असतो, आणि तो स्वभाव मोजायचा तर आधी ‘पेशी मेली’ म्हणजे काय हे ठरवावं लागतं.

किरणांनी पेशी जळत नाही. ग्रे हे किरणांच्या डोसचं माप. १ ग्रे डोसमध्ये एका पेशीच्या डीएनएत साधारण हजारभर एकेरी तुटी (दोनपैकी एकच धागा तुटलेला) होतात आणि ४० च्या आसपास दुहेरी (दोन्ही धागे तुटलेले). एकेरी तुटी पेशी सहज सांधते. दुहेरीतल्याही बहुतेक सांधल्या जातात. उरलेल्या एखाद-दोन चुकीच्या जागी जोडल्या गेल्या की गुणसूत्राचा एक तुकडा अनाथ होतो, नाहीतर दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात. तरी पेशी लगेच कोसळत नाही. ती खाते, श्वास घेते, सूक्ष्मदर्शकाखाली टवटवीत दिसते. विभाजनाची वेळ आली की वाटणी फसते. कधी पहिल्याच विभाजनात, कधी दुसऱ्या-तिसऱ्यात. काही पेशी विभागायच्या थांबतात आणि नुसत्या फुगत जाऊन राक्षसी आकाराच्या होतात. हे सगळे मोड आलेले, पण झाड न होणारे दाणे.

पेशी जिवंत दिसते का, एवढंच पाहिलं तर माणसाच्या पेशी किरणांना फार चिवट वाटतात, आणि बराच काळ तसाच समज होता. १९५६ साली अमेरिकेत डेन्व्हर इथे थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी एकेकटी पेशी पेरून तिची कॉलनी होते का ते मोजलं, आणि माणसाच्या पेशींचा किरणांखाली तग धरण्याचा पहिला आलेख काढला. डोस आणखी ९६ राँटजेननं (किरणांचं जुनं माप, इथे साधारण १ ग्रे) वाढवला की तोवर उरलेल्या पेशींतल्या जेमतेम ३७ टक्के टिकत होत्या. लोक धरून बसले होते त्यापेक्षा पेशी कितीतरी नाजूक निघाल्या.

त्या पेशी हेला जातीच्या होत्या. हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्या घेतल्या गेल्या, तिला न विचारता. व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतात राबून ती मोठी झाली होती. त्याच वर्षी, ३१ व्या वर्षी ती गेली. किरणोपचाराचं आजचं बरंचसं गणित तिच्या पेशींवर उभं आहे. तिचं नाव न घेता हा विषय सांगणं मला बरोबर वाटत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पेशी येतात त्या द्रवरूप नायट्रोजनमधून, उणे १९६ अंशांतून. ही टाकी गावाला अनोळखी नाही. गुरांच्या दवाखान्यात वळूच्या वीर्याच्या कांड्या ठेवतात ती हीच. नियमही सारखा, गोठवायचं हळू आणि वितळवायचं झटकन. ३७ अंशांच्या पाण्यात कुपी धरायची, आत बर्फाचा इवलासा खडा उरला की लगेच कोमट मिडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, ओतायची. गोठवताना पेशी जपायला घातलेलं डीएमएसओ हे रसायन वितळल्यावर पेशींना बाधतं, म्हणून इथे रेंगाळून चालत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडे अशा सेल लाइनींचा, म्हणजे एका मूळ गाठीतून पुढे वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणांचा, साठा असतो. मुंबईत टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांनी भारतीय रुग्णांच्या तोंडाच्या गाठींपासून वाढवलेल्या लाइनीही आहेत, उदाहरणार्थ जिभेच्या गाठीची एडब्ल्यू १३५१६. खर्रा-तंबाखूच्या गाठींचा अभ्यास करायचा तर अशाच लाइनी घ्याव्यात असं माझं मत आहे.

वितळवलेल्या पेशी लगेच चाचणीला लावू नयेत. निदान दोनदा तरी त्यांची फेरलावणी होऊ द्यावी. पेशी वाढतात त्या चपट्या बाटलीचा, फ्लास्कचा, तळ ६० ते ८० टक्के भरलेला असताना, म्हणजे पेशी जोमात वाढत असताना, चाचणी लावावी. दाटी होऊन वाढ खुंटलेल्या पेशी किरणांना वेगळीच दाद देतात.

मग पेशी तळापासून सोडवायच्या, आणि सगळ्यांत जास्त प्रयोग इथेच बिघडतात. मिडियममध्ये १० टक्के सिरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) असतं आणि पेशींची पकड सोडवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला सिरम निकामी करतं. म्हणून आधी कॅल्शियमविरहित क्षारद्रावणानं फ्लास्क दोनदा धुवायचा. मग ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए, ३७ अंशांवर, २ ते ५ मिनिटं. घड्याळापेक्षा सूक्ष्मदर्शकावर भरवसा ठेवावा. पेशी गोल होऊन सुटायला लागल्या की सिरमचं मिडियम घालून ट्रिप्सिन थांबवायचं. वेळ जास्त झाला तर पेशींचं आवरण दुखावतं आणि उगवण घटते. कमी झाला तर पेशी गुच्छात निघतात, आणि गुच्छ हा या चाचणीचा खरा शत्रू. तीन पेशींचा गुच्छ पडला की एकाच खळग्यात तीन दाणे टाकल्यासारखं होतं. दोन मेल्या आणि एक जगली तरी कॉलनी एक दिसणारच. सगळा आलेख वर सरकतो आणि पेशी आहेत त्यापेक्षा चिवट भासतात. पिपेटनं दहा-बारा वेळा हळुवार वर-खाली करावं, थेंब काचेवर घेऊन बघावा, जोड्या दिसत असल्या तर ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळावं. गाळूनही जोड्या सर्रास दिसत असतील तर त्या दिवशी प्रयोग लावू नये.

मोजणी हिमोसायटोमीटरवर, म्हणजे चौकोन आखलेल्या काचपट्टीवर. कोपऱ्यातला एक मोठा चौकोन म्हणजे १ मिमी गुणिले १ मिमी, खोली ०.१ मिमी. चार चौकोनांची सरासरी गुणिले १०,००० म्हणजे दर मिलीत पेशी. मेलेल्या पेशी निळ्या करणारा ट्रिपॅन ब्लू रंग निम्मा-निम्मा मिसळला असेल तर आणखी दुप्पट. मग सरासरी ५० आली तर मिलीला १० लाख. रेघेवर बसलेल्या पेशींचा नियम आधीच ठरवावा. वरच्या आणि डाव्या रेघेवरच्या धरायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या.

१० लाखांवरून हजारावर एका उडीत यायचं नाही. १ मायक्रोलीटर उचलून १ मिलीत टाकला की पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटलेला थेंबसुद्धा हिशेब बिघडवतो. दहापट विरळ करण्याचे तीन टप्पे घ्यावेत आणि प्रत्येक टप्प्यावर नळी उलटीसुलटी करून ढवळावी. पेशी जड असतात, दोन-चार मिनिटांत बुडाला बसायला लागतात. न ढवळता वरचं उचललं की पहिल्या प्लेटीत कमी आणि शेवटच्या प्लेटीत जास्त पेशी जातात, आणि नंतर कुणी कितीही डोकं खाजवलं तरी कारण सापडत नाही.

किती पेरायच्या ते डोस बघून ठरतं. समजा या लाइनीची उगवण ६० टक्के आहे. मग बिनडोसच्या प्लेटीत २०० पेशी, २ ग्रेला ४००, ४ ग्रेला १०००, ६ ग्रेला २०००, ८ ग्रेला ८०००, असा चढता आकडा घ्यायचा. दर प्लेटीत साधारण ५० ते १२० कॉलन्या हातात याव्यात हा हेतू. मोजलेल्या आकड्याचा चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका असतो. १०० कॉलन्या मोजल्या तर १० इकडेतिकडे, ९ मोजल्या तर ३ इकडेतिकडे, म्हणजे तिसरा हिस्सा. ९ कॉलन्यांवर मोठं विधान करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पेशी टाकल्यावर प्लेट गोल फिरवायची नाही. तांदूळ धुताना पातेलं फिरवलं की दाणे मध्यभागी गोळा होतात, पेशींचंही तेच होतं, आणि मध्ये कॉलन्यांचा एकमेकांत मिसळलेला ढीग होतो. प्लेट पुढे-मागे, मग डावी-उजवी, अधिक चिन्हासारखी सरकवावी आणि पंधरा मिनिटं सपाट जागी राहू द्यावी. नाव, डोस, तारीख प्लेटच्या बुडाला लिहावी. झाकणं बदलली जातात.

चार-सहा तासांत पेशी चिकटतात. किरण द्यायचे ते तेव्हाच, पहिलं विभाजन व्हायच्या आत. ‘उद्या सकाळी देऊ’ म्हणून रात्रभर ठेवलं तर एकाच्या दोन होतात. दोघींतली एक वाचली तरी कॉलनी दिसते आणि पेशी पुन्हा खोट्या चिवट ठरतात. गुच्छाचीच चूक वेगळ्या वाटेनं आत येते.

किरणांचा स्रोत किरणोत्सर्गी कोबाल्ट असेल तर त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे दर महिन्याला तीव्रता सुमारे १ टक्का उतरते. सहा महिन्यांपूर्वीचा वेळेचा तक्ता वापरला तर प्रत्येक प्लेटीला ६ टक्के कमी डोस जातो. सिझियमचं अर्धायुष्य ३० वर्षं, तिथे घाई नाही, पण हिशेब तिथेही करायचाच. उपचाराच्या मशीनवर प्लेट ठेवायची असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. या किरणांचा सर्वाधिक डोस पृष्ठभागावर पडत नाही. कोबाल्टचा ०.५ सेंमी खोलीवर पडतो, ६ मेगाव्होल्टच्या लिनॅकचा (विजेवर किरण तयार करणाऱ्या मशीनचा) १.५ सेंमीवर. प्लेटीत वर हवा आणि खाली २-३ मिमी मिडियमचा थर. वरून तसेच किरण सोडले तर पेशींना कागदावरच्या डोसपेक्षा कमी मिळतं. म्हणून प्लेटखाली पुरेशा जाडीची अॅक्रिलिकची फळी ठेवून किरण खालून द्यावेत, वरच्या बाजूलाही फळी ठेवावी, आणि प्रत्यक्ष डोस एकदा तरी रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाकडून मोजून घ्यावा. हे काम त्यांचं आहे, अंदाजानं उरकू नये.

बिनडोसच्या प्लेटीसुद्धा सोबत न्यायच्या. तितकाच वेळ इनक्युबेटरबाहेर (पेशी वाढवायच्या उबदार पेटीबाहेर), तितकेच हिंदकळे, तितकीच थंडी. फक्त किरण नाहीत. प्रयोगशाळा एकीकडे आणि मशीन दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावात असलं तर या नियमाची किंमत कळते. वाटेत मिडियमचा रंग बघत राहावं. नारिंगी-लालसर असलेलं मिडियम गुलाबी-जांभळं व्हायला लागलं म्हणजे कार्बन डायऑक्साइड उडून जातोय आणि मिडियम अल्कधर्मी होतंय. त्यानं पेशी दुखावतात, आणि तो दोष किरणांच्या नावावर जमा होतो.

इनक्युबेटर ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के, आत ऊर्ध्वपातित पाण्याचा ट्रे. इथे विदर्भाचा उन्हाळा आडवा येतो. बहुतेक इनक्युबेटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. खोली त्याच्यापेक्षा निदान चार-पाच अंश थंड असेल तरच तो ३७ वर स्थिर राहतो. बाहेर ४५-४६ अंश असताना लाइट गेली की आधी एसी बंद पडतो. इनक्युबेटर मात्र इन्व्हर्टरवर चालू असतो, म्हणून सगळे निश्चिंत असतात. आतलं तापमान गुपचूप ३९-४० वर जातं, आणि ४१ ओलांडलं तर उष्णताच पेशींना किरणांपुढे हळवं करायला लागते, कारण तुटी सांधण्याचं काम तापात मंदावतं. बिनडोसच्या प्लेटी या चुकीची पूर्ण खबर देत नाहीत. त्यांच्यात उष्णता आहे पण किरण नाहीत, आणि घात दोघांच्या जोडीचा आहे. म्हणून मे महिन्यात कमाल तापमानाची नोंद ठेवणारा थर्मामीटर आत असल्याशिवाय चाचणी लावू नये. शक्य असेल तर ही कामं दिवाळीनंतर काढावीत. पावसाळ्यात बुरशीचा त्रास वाढतो, पण बुरशी डोळ्यांना दिसते, प्लेट फेकता येते. मायकोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जिवाणू दिसत नाही. मिडियम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात काही सापडत नाही, बारीक गाळणीतूनही तो निसटतो, आणि पेशींची वाढ आतून बदलून टाकतो. त्याची पीसीआर तपासणी नियमानं करावी. ती टाळणाऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही, हे मी पूर्ण गांभीर्यानं लिहितोय.

मग १० ते १४ दिवस प्लेटींना हात लावायचा नाही. सारखं काढून बघितलं की मधेच सुटलेल्या पेशी शेजारी जाऊन बसतात आणि पिल्लू-कॉलन्या उगवतात.

ठरलेल्या दिवशी मिडियम काढून, क्षारद्रावणानं हळूच धुऊन, ६ टक्के ग्लुटाराल्डिहाइड आणि ०.५ टक्के क्रिस्टल व्हायोलेटचं मिश्रण अर्धा तास. ग्लुटाराल्डिहाइडची वाफ डोळ्यांना आणि छातीला वाईट, हे काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करायचं. क्रिस्टल व्हायोलेट म्हणजे तोंड आल्यावर आई बोटानं लावायची ते जांभळं औषध, जेन्शन व्हायोलेट. धुताना प्लेट नळाखाली धरू नये, धारेनं कॉलन्या निघतात. घमेल्यात पाणी घेऊन त्यात बुडवून काढावी, उलटी ठेवून वाळवावी. पांढऱ्या कागदावर धरली की रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या जांभळ्या कॉलन्या उठून दिसतात, आणि मोजायचा मोह होतो तो प्रत्येक ठिपका.

तिथे थांबायचं. निदान ५० पेशी असलेलाच ठिपका कॉलनी धरायचा. हा आकडा उगाच आलेला नाही. एकाच्या ५० व्हायला पाच-सहा विभाजनं लागतात. मरणार असलेली पेशी दोन-तीन विभाजनांपर्यंत बळ आणते आणि मग अडखळते. तिची आठ-दहा-वीस पेशींची वस्ती रंगवल्यावर दिसते, पण ते पिळलेल्या कोंबाचं सोयाबीन आहे. काठावरचा ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन खरोखर मोजावा. मोजणाऱ्याला डोस माहीत नसावा, बुडावरचं नाव पट्टीनं झाकावं. दोघांनी वेगवेगळं मोजावं. माणूस प्रामाणिक असला तरी ८ ग्रेच्या प्लेटीवर त्याचा डोळा कडक होतो आणि बिनडोसच्या प्लेटीवर सैल. हे मुद्दाम होत नाही, म्हणूनच पट्टी लागते.

हिशेब अगदी कास्तकारी आहे. बिनडोसच्या प्लेटीत २०० पेरल्या, १२० कॉलन्या आल्या. उगवण ६० टक्के. ६ ग्रेच्या प्लेटीत २००० पेरल्या आणि ७४ आल्या. किरण नसते तर २००० च्या ६० टक्के, म्हणजे १२०० आल्या असत्या. ७४ भागिले १२०० म्हणजे ०.०६२. शंभरातल्या सहा जगल्या. ७४ ला सरळ २००० नं भागणारा माणूस बियाण्याचा दोष किरणांच्या माथी मारतो. म्हणून बिनडोसच्या प्लेटीला मी या चाचणीचा कणा मानतो. तिची उगवण दर खेपेला वेगवेगळी येत असेल तर आधी सिरमची बॅच बघावी, मग ट्रिप्सिन, मग मोजणी. प्रत्येक डोसला तीन प्लेटी आणि असा अख्खा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी तीनदा. एकाच दिवशीच्या तीन प्लेटी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

या आलेखातल्या २ ग्रेच्या बिंदूला तज्ज्ञ फार मान देतात, कारण रुग्णाला रोज साधारण तेवढाच डोस मिळतो. २ ग्रेनंतर किती पेशी टिकल्या, त्याला एसएफ-टू म्हणतात. १९८० च्या दशकात वेगवेगळ्या गाठींच्या सेल लाइनी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा लिम्फोमासारख्या (लसीका ग्रंथींच्या कर्करोगासारख्या) लवकर विरघळणाऱ्या गाठींचा हा आकडा कमी निघाला, मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमासारख्या हट्टी गाठींचा जास्त. थोड्या फरकानं काय होतं ते करून बघा. ग्रॅमभर गाठीत १०० कोटी पेशी धरू आणि रोज २ ग्रेप्रमाणे ३० दिवस शेक देऊ. एसएफ-टू ०.५ असेल तर ०.५ चा तिसावा घात, शेवटी एखादी पेशी उरते. ०.६ असेल तर २२० उरतात. ०.४ असेल तर एक पेशी उरायची शक्यताही हजारात एक. दोन माणसं, गाठी सारख्याच दिसणाऱ्या, एकाचा आकडा ०.५ आणि दुसऱ्याचा ०.६. व्हरांड्यातल्या त्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर.

मग प्रत्येक रुग्णाची अशी चाचणी करत का नाहीत? प्रयत्न मनापासून झाले. मँचेस्टरमध्ये १९९० च्या दशकात गर्भाशयमुखाच्या गाठींचे तुकडे घेऊन मऊ अगारमध्ये, म्हणजे जेलीसारख्या थरात, पेशी वाढवल्या, एसएफ-टू काढला, आणि ज्यांचा आकडा कमी त्यांना किरणोपचार जास्त लागू पडल्याचं दिसलं. पण सेल लाइनीसारखी ६० टक्के उगवण रुग्णाच्या ताज्या गाठीत मिळत नाही. बहुतेक वेळा शंभरात एकही उगवत नाही. काही गाठी अजिबात उगवत नाहीत. निकालाला चार-पाच आठवडे लागतात, आणि तेवढा वेळ माणसाला शेकाविना बसवून ठेवणं चालणार नाही. शिवाय प्लेटीतल्या पेशीला भरपूर ऑक्सिजन असतो. खऱ्या गाठीच्या आत रक्त न पोचणारे कोपरे असतात, आणि ऑक्सिजन नसलेल्या पेशीला मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो. म्हणूनच रक्त फार कमी असलेल्या रुग्णाकडे डॉक्टर आधी लक्ष देतात.

झटपट चाचण्यांबद्दल थोडक्यात. एमटीटी ही रंगाची चाचणी पेशीचा श्वास मोजते. तीन दिवसांत निकाल येतो, पण मरणार असलेल्या फुगलेल्या पेशीही जांभळा रंग देतात. किरणांसाठी ती एकटी वापरू नये. दुसऱ्या चाचणीत गॅमा-एच-टू-एएक्स या प्रथिनाचे ठिपके दुहेरी तुटी दाखवतात. अर्ध्या तासाचे ठिपके म्हणजे किती तुटलं, २४ तासांनी उरलेले म्हणजे किती सांधलं गेलं नाही. ती जास्त कामाची आहे.

अकोल्याशी एक दुवा सांगावासा वाटतो. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांच्या भुईमुगाच्या टीएजी-२४ वाणाच्या नावातच ट्रॉम्बे आणि अकोला एकत्र आहेत. किरणांनी बियाण्यात बदल घडवायचे तर आधी कोणत्या डोसला उगवण किती घटते तेच बघावं लागतं. फरक आकड्यांचा. वाळलेलं बियाणं शेकडो ग्रे सोसतं, कारण त्यात पाणी अगदी कमी आणि पेशी झोपलेल्या. माणसाची ओली, विभागणारी पेशी २ ग्रेला निम्मी होते.

व्हरांड्यातल्या प्रश्नाच्या उत्तराचं उरलेलं अर्धं दिवसांच्या हिशेबात आहे. शेक सुरू होऊन साधारण चार आठवडे झाले की तोंडा-घशाच्या गाठीतल्या वाचलेल्या पेशी नेहमीपेक्षा वेगानं वाढायला लागतात. रॉडनी विदर्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली रुग्णांच्या नोंदींवरून हिशेब मांडला, की त्या टप्प्यावर उपचार एक दिवस लांबला तर सुमारे ०.६ ग्रे त्या वाढीची भरपाई करण्यातच खर्च होतात. मृगाचा पाऊस पडला, पेरणी आली आणि माणूस आठ दिवस गावी राहिला, तर जवळजवळ ५ ग्रे, म्हणजे अडीच दिवसांचा शेक पाण्यात जातो. कापूस वेचणीला हेच, घरातल्या लग्नाला हेच. याचा दोष मी रुग्णाला देणार नाही. पेरणी चुकली तर वर्ष जातं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मात्र बुडालेले दिवस काही प्रमाणात भरून काढता येतात. मशीन चालू असेल तर शनिवारी शेक देता येतो, किंवा काही दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदा. दोन शेकांमध्ये निदान सहा तास ठेवतात. १९५९ साली एल्काइंड आणि सटन यांनी चिनी हॅमस्टरच्या पेशींना एकच डोस दोन भागांत, मध्ये काही तासांचं अंतर ठेवून दिला आणि कॉलन्या मोजल्या, तेव्हा एका दमात दिलेल्यापेक्षा जास्त पेशी जगल्या. त्या मधल्या तासांत पेशी आपल्या तुटी सांधून घेत होत्या. शेकाच्या वाटेत येणाऱ्या गालाच्या, घशाच्या चांगल्या पेशींनाही सांधायला तेवढा अवधी लागतो. सहा तासांच्या आत दुसरा शेक दिला तर त्यांचं नुकसान साचतं. म्हणून गावाहून परतल्यावर पहिल्याच दिवशी किती दिवस बुडाले ते डॉक्टरांना तारखेनिशी सांगावं, आणि दोनदा शेक ठरला तर त्या दिवशी परतीच्या बसची वेळ सायंकाळच्या शेकानंतरची धरावी.